खड्डा ‘कमी धोक्याचा’ आहे हे ठरवतो कोण?

३० जानेवारी २०१७. प्रजासत्ताक दिनाचे झेंडे उतरून चार दिवस झाले होते. लातूरच्या एमआयडीसीतल्या एका खाद्यतेलाच्या कारखान्यात टाकी साफ करायला कामगार आत उतरले. उतरलेले आतच कोसळले. त्यांना काढायला दुसरे उतरले, तेही कोसळले. शेवटी मोजले तेव्हा नऊ जीव गेले होते. कारखान्याचे नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की सगळी चर्चा त्या एका मालकाभोवती फिरते आणि आपल्या जिल्ह्यांतल्या बाकीच्या टाक्या, आड, चेंबर सुटून जातात.

अशा बातम्यांत ‘दुर्दैवी’ हा शब्द ठरलेला असतो. मला भांडायचे आहे ते या शब्दाशी. दैवाचा इथे काय संबंध? बंद टाकीत उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा हवा, पट्ट्याला दोर हवा आणि त्या दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात हवे, हे या देशाच्या कायद्यात १९४८ सालापासून लिहिलेले आहे. लातूरची घटना घडली तेव्हा त्या कायद्याला जवळपास सत्तर वर्षे होत आली होती. मग तो दोर सत्तर वर्षांत टाकीपर्यंत पोहोचला का नाही? मला हा प्रश्न इतिहासाचा वाटतो. आणि आपल्याकडे इतिहासाचा प्रश्न म्हटला की त्यात जात येतेच.

आधी शब्द समजून घेऊ. सुरक्षिततेच्या भाषेत ‘बंदिस्त जागा’ म्हणजे अशी जागा, जिथे आत-बाहेर करायला वाट अरुंद आहे, हवा खेळती नाही, आणि जी माणसाने दिवसभर बसून काम करण्यासाठी बांधलेलीच नाही. आड, विहीर, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, ड्रेनेजचा चेंबर, धान्याची कोठी, साखर कारखान्यातली मळीची टाकी, बायोगॅसचा खड्डा. ब्रिटनमध्ये यासाठी १९९७ चे स्वतंत्र नियम आहेत. तिथल्या प्रशिक्षणात या जागांचे धोक्यानुसार गट पाडतात. ‘कमी धोक्याची’ जागा म्हणजे जिथे हवा आपोआप खेळते, विषारी वायू साचण्याची शक्यता दिसत नाही आणि गडबड झाली तर माणूस स्वतःच्या पायांनी चटकन बाहेर येऊ शकतो. उदाहरणार्थ, रस्त्याकडेचा उथळ चेंबर. गंमत अशी की एवढ्या साध्या जागेसाठीही तिथे प्रशिक्षण आहे, हातात गॅस मीटर आहे आणि वर उभा राहणारा एक माणूस आहे. ‘कमी धोक्याची’ हे तिथे तपासणीनंतर लागणारे लेबल आहे.

आपल्याकडे तेच लेबल तपासणीच्या आधी लागते. गुत्तेदार वरून म्हणतो, “पाच मिनिटांचं काम आहे, उतर.” झाली वर्गवारी.

गेल्या उन्हाळ्यात नांदेडच्या एका वस्तीत आम्ही बैठक घेतली होती. तिथे साठीच्या पुढचे एक मामा होते. आयुष्यभर आडातला गाळ काढणे, टाक्या धुणे, चोकअप काढणे असली कामे केलेली. मी त्यांना विचारलं, “मामा, खाली उतरायच्या आधी काय बघता?”

“काय बघावं बाई? दिवा सोडतो दोरीनं. इझला तर उतरत नाही.”

“कोणी शिकवलं?”

“बापानं. बापाला त्याच्या बापानं.”

मित्रांनो, या दिव्यावर थोडे थांबू या, कारण आपल्या बापजाद्यांचे हे खरे विज्ञान आहे आणि त्याची टवाळी करण्याचा अधिकार कोणाला नाही. साध्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो १६-१७ टक्क्यांपर्यंत उतरला की ज्योत विझते. म्हणजे मामांचा दिवा प्राणवायू मोजतो, आणि बऱ्यापैकी बरोबर मोजतो. जुन्या आडात पालापाचोळा कुजून कार्बन डायऑक्साइड तळाला बसलेला असतो. तो हवेपेक्षा जड. तिथे या दिव्याने कितीतरी जणांना वाचवले असेल. त्यांची नोंद कुठे नाही, कारण जे वाचले त्यांची बातमी होत नाही.

पण आड वेगळा आणि मैल्याची टाकी वेगळी. मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो वायू. हवेच्या दहा लाख भागांत हा वायू शंभर भाग झाला की माणसाचे नाकच बधिर होते, वास येणे बंद होते. उतरणाऱ्याला वाटते वास गेला, म्हणजे गॅस गेला. खरे तर तेव्हाच मरण जवळ आलेले असते. पाचशे-हजार भागांपर्यंत गेला तर काही श्वासांत माणूस खाली पडतो. आणि एवढ्या गॅसने दिवा विझत नाही. दिवा जळतोय आणि माणूस मरतोय, असे होते. त्यातच मिथेन असला तर तोच दिवा स्फोटाची ठिणगी ठरतो. बापाने दिलेले ज्ञान ज्या खड्ड्यासाठी होते, तो खड्डा आता राहिला नाही. शहर बदलले, टाक्या बदलल्या, ज्ञान मात्र आजोबाच्या काळात थांबवून ठेवले गेले. कोणी थांबवले?

आणि मैला नसलेल्या टाकीतही मरण असते, हे तर आपल्या पोरांना कोणी सांगतच नाही. लोखंडी टाकी बरेच दिवस बंद राहिली की गंज चढतो, आणि गंज प्राणवायू खातो. टाकी कोरडी, स्वच्छ, वास नाही, पण आत श्वास घेण्याजोगी हवा नाही. नव्या कोऱ्या सिमेंटच्या टाकीतली सेंट्रिंग काढायला उतरलेले मजूर मरतात ते याच कारणाने, ओल्या लाकडाने आणि बंद हवेने. लातूर-नांदेडची किती पोरे पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर आहेत ते मी सांगायला नको. ‘नवी टाकी आहे, काही होत नाही’ हे वाक्य त्यांनी ऐकलेलेच असेल.

आता इतिहासाकडे. माझी आजी लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातली. ती सांगायची, गावच्या आडाला आपण हात लावू शकत नव्हतो. पोहरा वरून कोणी ओतला तर पाणी. पण त्या आडात कुत्रे पडून मेले की बोलावणे यायचे ते महारवाड्यालाच. मेलेले जनावर काढण्यापुरता विटाळ थांबायचा. माणूस दोराने खाली जायचा, कुजके जनावर वर काढायचा, मग आड शुद्ध करून घ्यायचे आणि तो माणूस पुन्हा लांब उभा. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह केला, तो आपण पाण्याच्या हक्काचा लढा म्हणून शिकतो. त्याची दुसरी बाजूही बघायला हवी. पाण्यावरची बंदी आणि घाणीतली सक्ती ही एकाच दोराची दोन टोके आहेत. वर यायला बंदी, खाली जायला सक्ती.

हे फक्त खेड्यात होते असेही नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्यांच्या थुंकीचा विटाळ. विणकामाला पगार जास्त. बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८-२९ च्या गिरणी संपाच्या काळात कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला. कामाची विभागणी ही काम करणाऱ्यांची उतरंड आहे, हे त्यांचे १९३६ चे म्हणणे असे कारखान्याच्या दारात उभे राहून तयार झालेले आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, त्यांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ काढला होता. झाडणारे, गटार काढणारे हातच त्या संघात होते.

पण मला आपल्या तरुणांनी जास्त लक्षात ठेवावी अशी वाटते ती गोष्ट १९४३ ची आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री. डिसेंबरमध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणी पाहायला गेले आणि कचेरीत बसून अहवाल न ऐकता स्वतः खाणीत खाली उतरले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. सगळेच सोयीचे होते असे मात्र नाही. युद्धामुळे बायकांना खाणीत खाली उतरवण्यावरची बंदी त्याच काळात उठवली गेली होती, त्यावर कायदेमंडळात टीका झाली आणि मजूर मंत्री म्हणून त्यांना उत्तर द्यावे लागले. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. आपण हेही वाचावे. नेत्याला देव करण्याची आपल्याला गरज नाही.

मुद्दा असा, की खाण हीही बंदिस्त जागाच आहे, आणि जगातली सगळ्यात मोठी. तिथे गॅस असतो, तिथेही एकाला काढायला दुसरा जातो. म्हणून खाणीने शंभर-दीडशे वर्षांत मरणातून शास्त्र तयार केले. १८१५ मध्ये डेव्हीने जाळी लावलेला दिवा बनवला. तो मामांच्या दिव्याचाच शिकलेला भाऊ. पुढे हॅल्डेनने विषारी वायू ओळखायला खाणीत पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी न्यायला सुचवले. भारतात १९६६ पासून असा नियम आहे की व्यावसायिक प्रशिक्षण घेतल्याशिवाय कोणाला खाणीत कामावर ठेवायचे नाही. बचाव केंद्रे आहेत, प्रशिक्षित बचाव पथके आहेत. तिथेही अपघात होतात, मालक तिथेही चोर असतात. पण ‘शिकल्याशिवाय खाली नाही’ हे तत्त्व तिथे मान्य झाले. कोळसा देशाला हवा होता. गटार देशाला फक्त वाहून जायला हवे होते, त्यात कोण उतरतो याची चौकशी कोणाला नको होती.

आता तो दोर. कारखाना कायदा १९४८, कलम ३६. कोणत्याही खोलीत, टाकीत, खड्ड्यात, नळात किंवा अशा इतर बंदिस्त जागेत धोकादायक वायू असण्याची शक्यता असेल, तर तिथे माणूस पाठवायचा नाही. पाठवायचाच तर आधी वायू काढून टाका, जाणकार व्यक्तीने स्वतः चाचणी करून लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनाचे उपकरण आणि दोर बांधलेला पट्टा द्या, दोराचे टोक बाहेरच्याच्या हातात. सत्तरेक वर्षांपूर्वीची भाषा आहे आणि आजच्या कोणत्याही प्रशिक्षणाचा गाभा तोच आहे. या कायद्याला मंजुरी मिळाली २३ सप्टेंबर १९४८ ला. सहाच दिवस आधी, १७ सप्टेंबरला, आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला होता. दोन्ही तारखा एकाच आठवड्याच्या. एक आपण झेंडा लावून साजरी करतो. दुसरी कोणाच्या ध्यानातही नाही.

पण कायद्याचे नाव बघा, ‘कारखाना’. नोंदलेला कारखाना असेल तर कलम ३६. शेतातला बायोगॅसचा खड्डा, अपार्टमेंटची सेप्टिक टँक, ग्रामपंचायतीची विहीर, पाटलाच्या वाड्यातला आड, हे सगळे बाहेर. म्हणजे जिथे आपला माणूस सगळ्यात जास्त उतरतो ते सगळे बाहेर. आणि लातूरने दाखवले की आत असूनही काही होईलच असे नाही. २०२० मध्ये संसदेने तीन कामगार संहिता मंजूर केल्या, त्यात हा जुना कायदा मिसळून टाकला. संहितेचे कलम पाठ करून टाकीतला गॅस कमी होत नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

१९९३ हे साल मराठवाड्याला किल्लारीच्या भूकंपाने आणि नामांतराच्या शेवटच्या लढ्याने आठवते. त्याच वर्षी अमेरिकेने बंदिस्त जागांसाठी परवाना पद्धत सक्तीची केली : लेखी परवाना, हवा तपासणी, वर पहारेकरी, बचावाची तयारी, हे सगळे आधी, माणूस नंतर. त्याच वर्षी आपल्या संसदेने हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा केला. तो प्रत्यक्षात लागू व्हायला २६ जानेवारी १९९७ उजाडले. त्यात कोरडे संडास होते, डोक्यावरची पाटी होती. गटारात उतरणारा माणूस जवळजवळ नव्हताच. तो आला २०१३ च्या कायद्यात, आणि हा कायदा लागू झाला ६ डिसेंबर २०१३ रोजी, महापरिनिर्वाण दिनी.

या कायद्यातले एक कलम आपल्या कार्यकर्त्यांनी वकिलासारखे वाचले पाहिजे. ‘धोकादायक सफाई’ म्हणजे काय? संरक्षक साधने न देता, खबरदारी न घेता गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणे. म्हणजे साधने दिली, खबरदारी घेतली, तर व्याख्येतून सुटका. सोबतच्या नियमांत मग ते सगळे आले : फक्त काही ठरावीक कारणांसाठीच आणि तेही लेखी परवानगीने उतरायचे, आधी टाकी रिकामी करायची, हवा तपासायची, सलग नव्वद मिनिटांपेक्षा जास्त काम नाही आणि मग अर्धा तास विश्रांती, किमान तीन माणसे हजर आणि त्यातला एक पर्यवेक्षक. कागद उत्तम आहे. पण ‘साधने दिली’ याचा पुरावा काय मागतात? सहीचा कागद. गमबूट आणि हातमोजे दिल्याचा.

केंद्र सरकारच्याच सामाजिक लेखापरीक्षणात २०२२-२३ मधल्या ५४ मृत्यूंचा तपास झाला. त्यातल्या ४९ जणांच्या अंगावर कसलेही संरक्षक साधन नव्हते. आवश्यक प्रशिक्षण दिल्याचे आढळले ते फक्त एका प्रकरणात. एका! आणि जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत रामदास आठवले साहेबांच्या खात्याने उत्तर दिले होते की हाताने मैला साफ करण्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. शब्दाचा खेळ असा की गटारातले मरण हे ‘मैला उचलण्यात’ मोजायचे नाही, ‘धोकादायक सफाई’त मोजायचे. आपल्याच चळवळीतून गेलेला माणूस त्या खुर्चीत असताना हे उत्तर आले, हे लिहिताना मला आनंद होत नाही.

आता एक अडचणीची गोष्ट. ११ मे २०२३ ला आपल्या शेजारी, परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात, सेप्टिक टँक साफ करताना पाच जण गेले. ते मुस्लिम कुटुंबातले होते, एकमेकांचे नातलग. ९ एप्रिल २०२४ ला, ऐन गुढीपाडव्याला, अहमदनगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या स्लरीने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एकापाठोपाठ एक उतरलेले पाच जण मेले. त्यात शेतकरी कुटुंबातलेच लोक होते. १ नोव्हेंबर २०१८ ला कल्याणला सांडपाण्याने दूषित झालेल्या विहिरीत पाच मेले, त्यात दोन अग्निशमन दलाचे जवान. मग हा जातीचाच प्रश्न आहे असे कसे म्हणता, असे आपल्याला विचारले जाते. रीतसर विचारले जाते, उत्तरही रीतसर देऊ.

केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत २०२४ पर्यंत २९ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या साधारण ३८ हजार गटार व सेप्टिक टँक कामगारांची नोंद झाली. त्यातले जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींचे. अनुसूचित जमाती आणि ओबीसी धरले तर ९२ टक्क्यांच्या आसपास. रोज उतरणारा कोण, हे इथे कळते. पण त्याहून खोल गोष्ट ही की, ज्या कामावर हजार वर्षे ‘खालच्यांचे काम’ असा शिक्का बसला, त्या कामाचे ज्ञान या समाजाने कधी कमावलेच नाही. शाळेत शिकवले नाही, आयटीआयमध्ये नाही, कृषी विद्यापीठात नाही. हे ज्ञान विटाळलेले राहिले. आणि मग पाडव्याच्या दिवशी शेतकऱ्याचा पोरगा मांजरासाठी विहिरीत उतरतो तेव्हा त्यालाही ते मिळत नाही. जातीने एका माणसाला खड्ड्यात ढकलले आणि खड्ड्याविषयीचे ज्ञान सगळ्यांपासून तोडले. वाकडीत सहावा माणूस वाचला. त्याच्या कमरेला दोर होता.

बचावाला जाणारेच जास्त मरतात, हे अमेरिकेच्या ‘नायोश’ या संशोधन संस्थेने १९८६ मध्येच नोंदवले होते : बंदिस्त जागांतल्या बळींत साठ टक्क्यांहून जास्त हे वाचवायला गेलेले. लातूर, वाकडी, कल्याण या तिन्ही ठिकाणी तेच घडले. म्हणून प्रशिक्षणाचा पहिला धडा मनाला सगळ्यात न पटणारा आहे : भाऊ खाली पडला तरी उतरायचे नाही. दोर असेल तर वरून ओढायचा, हवा सोडायची, अग्निशमनला फोन करायचा. भाऊ समोर पडलेला असताना वर उभे राहणे हे शिकवल्याशिवाय कोणाला जमणार नाही. मला स्वतःला जमेल का, सांगता येत नाही.

त्या नांदेडच्या बैठकीत एका पोराने मला अडवले. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, “ताई, आपण प्रशिक्षण कशाला मागायचं? प्रशिक्षण मागणं म्हणजे हेच काम पुन्हा आपल्याच माथी, फक्त सर्टिफिकेटसह. आपली मागणी एकच, कोणी उतरायचंच नाही.”

बरोबर बोलला. बेझवाडा विल्सन आणि सफाई कर्मचारी आंदोलनाचे म्हणणे वर्षानुवर्षे हेच आहे. मैल्याच्या गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरण्याचे काहीच कारण उरलेले नाही. सक्शन गाडी आहे, जेटिंग मशीन आहे, केरळच्या पोरांनी मॅनहोलमध्ये उतरणारा रोबोट बनवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गटारातल्या मृत्यूसाठीची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली आणि जानेवारी २०२५ मध्ये सहा महानगरांत माणसाकरवी गटारसफाई पूर्ण बंद करायला सांगितले. नांदेड-लातूर त्या सहांत नाही. त्यासाठी लढावेच लागेल. मैल्याच्या बाबतीत ‘सुरक्षित उतरण्याचे प्रशिक्षण’ ही मागणी मलाही नको.

पण त्या पोराच्या बोलण्यात एक जागा सुटते. पाण्याच्या टाक्या, सेंट्रिंग, विहिरीचा गाळ, कारखान्यातले चेंबर, तेलाच्या आणि मळीच्या टाक्या यांत माणूस उद्याही उतरणार आहे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, ते सगळ्या देशाने पाहिले. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात विहिरी खोल करायला आणि हौद घासायला किती माणसे उतरली, हे कोणी पाहिले नाही. शिवाय २०१४ नंतर गावोगाव संडास झाले. शास्त्राने सांगितलेले दोन शोषखड्डे थोड्यांनीच बांधले. एक भरला की दुसरा वापरायचा आणि पहिल्यातले वाळून खत झाले की काढायचे, इतकी साधी ती रीत. पण ‘आपल्या घरचा मैला आपण काढायचा’ हे सोसवत नाही म्हणून लोकांनी खोल, मोठी, वर्षानुवर्षे न भरणारी टाकी बांधली. दहा-पंधरा वर्षांनी ती भरेल. तेव्हा सगळ्या खेड्यांत सक्शन गाडी असेल का? नसेल तर कोणाला बोलावतील?

म्हणून मागणी दोन तोंडांची हवी. मैल्यात कोणी नाही. आणि बाकी बंदिस्त जागांचे प्रशिक्षण सगळ्यांना, जात न बघता : सेंट्रिंगवाल्याला, शेतकऱ्याला, आयटीआयच्या पोराला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, आणि सगळ्यात आधी गुत्तेदाराला. सध्या उलटे चालते. मी अशा एका एकदिवसीय कार्यशाळेला गेले होते. हॉलमध्ये स्वच्छता निरीक्षक, मुकादम, दोन अभियंते. चार वायू मोजणारा मीटर टेबलावर ठेवला होता, प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली गेला की तो ओरडतो. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला, फोटो काढले. प्रत्यक्ष उतरणारे दोघे जण बाहेर होते. एक खुर्च्या लावत होता, दुसरा चहा आणायला गेला होता. प्रमाणपत्रे आत वाटली गेली.

महाराष्ट्रात लाड-पागे समितीमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. या धोरणावर आपल्यातच वाद आहेत, आणि ते व्हावेत. पण बापाची नोकरी वारशाने मिळते आणि बापाला कधी न मिळालेले प्रशिक्षण पोरालाही मिळत नाही, हे तर दोन्ही बाजूंना मान्य व्हायला हरकत नाही.

आम्ही नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत माहितीच्या अधिकारात अर्ज टाकले आहेत. साधे प्रश्न आहेत. चालू स्थितीत किती गॅस मीटर आहेत आणि ते शेवटचे कधी तपासून घेतले? गेल्या पाच वर्षांत उतरण्याच्या लेखी परवानग्या किती दिल्या, कोणाच्या सहीने? प्रशिक्षण घेतलेल्यांत प्रत्यक्ष काम करणारे किती, पर्यवेक्षक किती? ठेक्यावरच्या कामगारांची यादी पालिकेकडे आहे का? ज्यांना आपल्या तालुक्यात असाच अर्ज टाकायचा आहे त्यांनी कळवावे, मसुदा पाठवते.

आणि मामा. बैठक संपल्यावर त्यांनी मला थांबवून विचारलं, “त्या मशिनीला सडक्या अंड्याचा वास कळतो म्हणता ना बाई? मग ती एकदा आणा इथं. दिवा बी सोडू, मशीन बी सोडू. बघू तरी, माझा बाप कुठं चुकत होता.”

मीटर भाड्याने मिळतो का ते शोधते आहे. पुढच्या महिन्यात त्याच वस्तीतल्या वापरात नसलेल्या आडावर, दोरीने खाली सोडून, दोन्ही लावून बघणार आहोत. वर उभे राहून.

जयभीम.